चालत्या क्लासला नवी मेथड जोडताना

१९९५ या एकाच वर्षात तीन भाषा लोकांसमोर आल्या. जूनमध्ये रास्मुस लेरडॉर्फ यांनी पीएचपीची पहिली साधने सर्वांसाठी खुली केली. डिसेंबरमध्ये नेटस्केपने जावास्क्रिप्टची घोषणा केली आणि त्याच महिन्यात जपानमध्ये युकिहिरो मात्सुमोतो यांची रुबी जाहीर झाली. पुढे तिन्ही भाषांनी वेबचा मोठा पसारा उभा केला, पण एका बाबतीत पीएचपीचा स्वभाव इतर दोघींहून वेगळा राहिला. रुबीत कोणताही क्लास कधीही पुन्हा उघडून त्यात मेथड घालता येते. जावास्क्रिप्टमध्ये प्रोटोटाइपला फंक्शन जोडले की त्या जातीच्या सगळ्या ऑब्जेक्टना ते लगेच मिळते. पीएचपीत मात्र क्लास एकदा तयार झाला की त्याच्या मेथडींची यादी बंद होते.

तरीही पीएचपीवर काम करणाऱ्यांना ही गरज वारंवार पडते. गृहनिर्माण सोसायट्यांच्या देखभाल खर्चाच्या पावत्या काढणारी एक प्रणाली घेऊ. तिच्या गाभ्यात ‘पावती’ नावाचा क्लास आहे आणि तोच कोड अनेक सोसायट्या वापरतात. एका सोसायटीला थकबाकीवर व्याज लावायचे आहे, दुसरीला पार्किंगचा आकार, तिसरीला पाहुण्यांच्या खोलीचे भाडे. प्रत्येकीसाठी मूळ क्लासला हात लावला तर वर्षभरात त्या फाइलचा उकिरडा होतो. गाभा तसाच ठेवून प्रत्येक सोसायटीने आपापली मेथड बाहेरून जोडावी आणि कोडमध्ये ती `$पावती->व्याज()` अशी सहज वापरता यावी, ही अपेक्षा रास्तच आहे. (पीएचपीत व्हेरिएबल, क्लास आणि मेथड यांची नावे देवनागरीत ठेवता येतात. भाषेचे राखीव शब्द आणि तिची स्वतःची फंक्शने, क्लास व मेथडी यांची नावे तेवढी रोमन लिपीतच लिहावी लागतात.)

ही अपेक्षा पुरी करण्याचे मार्ग पीएचपीत आहेत आणि त्यातले काही चांगलेच भक्कम आहेत. कोणता मार्ग घ्यावा आणि वाटेत काय सांभाळावे, हे नीट समजून घ्यायला हवे.

पहिला प्रयत्न का फसतो

बहुतेकांच्या हातून प्रथम एकच गोष्ट होते. ऑब्जेक्टच्या ‘व्याज’ या प्रॉपर्टीत एक क्लोजर, म्हणजे निनावी फंक्शन, ठेवले जाते आणि पुढच्या ओळीत `$पावती->व्याज()` लिहिले जाते. पीएचपी तिथेच थांबते आणि अशी मेथड अस्तित्वात नाही, असा एरर देते.

याचे कारण इंजिनाच्या रचनेत आहे. झेंड इंजिन प्रॉपर्टी आणि मेथडी वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवते. एकाच क्लासमध्ये ‘व्याज’ नावाची प्रॉपर्टी आणि त्याच नावाची मेथड सुखाने नांदू शकतात. नावापुढे कंस आला की इंजिन फक्त मेथडींच्या तक्त्यात पाहते, प्रॉपर्टीकडे वळूनही बघत नाही.

पीएचपी ७ पासून `($पावती->व्याज)()` असे जादा कंस घातले की हे क्लोजर चालते. पण मग ते वापरणाऱ्या प्रत्येकाला आत क्लोजर आहे हे माहीत असावे लागते. शिवाय क्लोजरच्या आतला ‘धिस’ त्या पावतीकडे निर्देश करत नाही, तो क्लोजर जिथे लिहिले गेले तिथला असतो. आणखी एक अडचण नंतर आली. डिसेंबर २०२२ मधल्या पीएचपी ८.२ पासून, क्लासमध्ये जाहीर न केलेली प्रॉपर्टी ऑब्जेक्टवर बाहेरून तयार केली की ‘डेप्रिकेटेड’ अशी सूचना येते. त्यामुळे नव्या कोडमध्ये हा मार्ग धरू नये.

दारावरची चौकशी: `__कॉल`

जुलै २००४ मध्ये पीएचपी ५ आली आणि तिच्यासोबत नवे ऑब्जेक्ट मॉडेल आले. `__कॉल` ही जादुई मेथड त्यातलीच. ऑब्जेक्टवर एखादी मेथड बोलावली आणि ती तक्त्यात सापडली नाही, तर एरर देण्याआधी इंजिन `__कॉल` लिहिलेली आहे का ते पाहते. असेल तर तिच्या हाती दोन गोष्टी देते: बोलावलेल्या मेथडीचे नाव आणि सगळ्या आर्ग्युमेंटांचा एक अ‍ॅरे.

सोसायटीच्या फाटकावर वॉचमन असतो तसे हे आहे. ओळखीचा रहिवासी थेट आत जातो, अनोळखी नाव सांगणाऱ्याची तेवढी चौकशी होते. वॉचमनकडे नोंदवही असेल तर तो नाव तपासून माणसाला योग्य दारी धाडतो. नोंदवहीच नसेल तर एक तर सगळे आत जातात, नाही तर सगळे परत फिरतात.

तेव्हा पहिले काम नोंदवहीचे. क्लासमध्ये ‘जोडण्या’ नावाचा एक रिकामा अ‍ॅरे प्रोटेक्टेड प्रॉपर्टी म्हणून रीतसर जाहीर करावा. ‘जोडा’ नावाची एक साधी, खरीखुरी मेथड लिहावी. ती मेथडीचे नाव आणि क्लोजर घेईल आणि त्या नावाखाली क्लोजर अ‍ॅरेत ठेवेल. मग `__कॉल` लिहावी आणि तिच्यात तीनच गोष्टी याच क्रमाने कराव्यात. नाव नोंदवहीत आहे का ते पाहावे. नसेल तर ‘बॅडमेथडकॉलएक्सेप्शन’ फेकावे आणि संदेशात क्लासचे व मेथडीचे नाव घालावे. असेल तर क्लोजर या ऑब्जेक्टला बांधून आर्ग्युमेंटांसह चालवावे आणि त्याचे उत्तर परत करावे.

यातली दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि घाईत नेमकी तीच गळते. वर्डप्रेसच्या ‘डब्ल्यूपी क्वेरी’ या क्लासमध्ये `__कॉल` आहे. पूर्वी खुल्या असलेल्या दोन मेथडी नंतर आतल्या झाल्या, तरी जुनी प्लगइन चालू राहावीत यासाठी ती लिहिली आहे. यादीत नसलेले नाव आले तर ती नुसते ‘फॉल्स’ परत करते. जुना कोड मोडू नये ही वर्डप्रेसची बांधिलकी आहे, त्यामुळे त्या जागी तसे करण्याला कारण आहे. पण तीच सवय पावतीच्या क्लासमध्ये आणली तर काय होते, ते पाहावे. कोणी घाईत ‘व्याज’ऐवजी ‘व्यज’ लिहिले. `__कॉल`ने फॉल्स दिले. पुढच्या ओळीत २,४०० रुपयांच्या थकबाकीत ते मिळवले गेले. पीएचपी बेरजेत फॉल्सला शून्य धरते. पावती २,४०० रुपयांची निघाली, एरर आला नाही, लॉगमध्ये ओळ पडली नाही. व्याज गायब झाले, ते हिशोबनीस वर्षअखेरीस ताळा जुळवायला बसेल तेव्हा कळणार. एक्सेप्शन फेकले असते तर ही चूक पहिल्या मिनिटाला पकडली गेली असती.

क्लोजर बांधावे कधी?

जून २००९ च्या पीएचपी ५.३ मध्ये क्लोजर आले, पण त्यांच्या आत ‘धिस’ वापरता येत नव्हता. मार्च २०१२ च्या पीएचपी ५.४ ने ती सोय दिली आणि सोबत ‘बाइंडटू’ ही मेथड दिली. ती क्लोजरची एक नवी प्रत काढते आणि त्या प्रतीतला ‘धिस’ आपण सांगू त्या ऑब्जेक्टला जोडते. पीएचपी ७ मध्ये, म्हणजे डिसेंबर २०१५ मध्ये, बांधणे आणि चालवणे एकाच दमात करणारी ‘कॉल’ ही मेथडही क्लोजरना मिळाली.

बांधण्याची क्रिया ‘जोडा’मध्ये करावी की `__कॉल`मध्ये? वरवर पाहता दोन्ही सारखेच. फरक कळतो तो ऑब्जेक्टची प्रत काढल्यावर. एका सदनिकेची पावती तयार आहे, थकबाकी २,४०० रुपये. दरमहा दीड टक्क्याने व्याज काढणारे क्लोजर नोंदवतानाच तिला बांधले आहे, म्हणून व्याज बरोबर ३६ रुपये येते. आता ‘क्लोन’ करून दुसऱ्या सदनिकेची पावती बनवली आणि तिची थकबाकी ३,६०० केली. तिचे व्याज ५४ रुपये यायला हवे, पण येते ३६. क्लोन करताना नोंदवहीचा अ‍ॅरे नव्या ऑब्जेक्टमध्ये आला, पण त्यातले क्लोजर तेच राहिले आणि ते अजून जुन्या पावतीलाच बांधलेले आहे. आकडा दिसायला अगदी खरा असल्यामुळे ही चूक नजरेतून सुटते.

म्हणून नोंदवताना क्लोजर मोकळे ठेवावे आणि प्रत्येक वेळी `__कॉल`मध्ये, त्या क्षणीच्या ऑब्जेक्टला बांधावे.

बांधताना दुसरा प्रश्न येतो तो स्कोपचा. ‘बाइंडटू’च्या दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये क्लासचे नाव दिले की क्लोजरला त्या क्लासच्या प्रायव्हेट प्रॉपर्टी वाचता येतात. क्लोजरची ‘कॉल’ मेथड हे स्वतःच ठरवते आणि ऑब्जेक्टचा प्रत्यक्ष क्लास हाच स्कोप धरते. पावतीपासून ‘व्यापारी पावती’ हा उपक्लास काढला असेल, तर स्कोप उपक्लासचा होतो आणि मूळ पावतीच्या प्रायव्हेट प्रॉपर्टी क्लोजरला दिसेनाशा होतात. उपक्लास असणार असतील तर ‘बाइंडटू’ वापरावे आणि मूळ क्लासचे नाव स्वतः द्यावे.

प्रत्येक क्लोजर असे बांधता येतेच असे नाही. ‘स्टॅटिक’ म्हणून लिहिलेले क्लोजर ऑब्जेक्टला बांधले जात नाही. पीएचपी ८.१ मध्ये फंक्शनच्या नावापुढे कंसात तीन टिंबे देऊन क्लोजर बनवण्याची सुटसुटीत रीत आली, पण तसे बनवलेल्या क्लोजरचा स्कोपही बदलता येत नाही. अशा वेळी पीएचपी ८ मध्ये ‘बाइंडटू’ फक्त ताकीद देते आणि ‘नल’ परत करते. पुढच्या ओळीत तो नल चालवू गेले की भलत्याच ठिकाणी एरर येतो. बांधल्यानंतर हाती नल तर आला नाही ना, एवढी तपासणी तिथेच करावी.

नावांचे तीन सापळे

पीएचपीत रोमन नावांच्या खऱ्या मेथडींना कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक नसतो, अ‍ॅरेच्या किल्ल्यांना मात्र असतो. बोलावणाऱ्याने नाव जसे लिहिले तसेच ते `__कॉल`च्या हाती येते. त्यामुळे खरी मेथड कशीही लिहिली तरी चालते आणि जोडलेली मेथड एका अक्षरावरून अडते. नोंदवताना आणि शोधताना, दोन्हीकडे नाव लहान अक्षरांत करून घेतले की हा प्रश्न मिटतो.

दुसरा सापळा जास्त खोल आहे. खरी मेथड असेल तर `__कॉल`ला कोणी विचारतच नाही. आज ‘सवलत’ नावाची मेथड बाहेरून जोडली आणि सहा महिन्यांनी मूळ पॅकेजच्या नव्या आवृत्तीत त्याच नावाची खरी मेथड आली, तर जोडलेले क्लोजर तिथपासून कधीच चालणार नाही, आणि कोणी तसे सांगणारही नाही. यावर इलाज सोपा आहे. ‘जोडा’मध्येच ‘मेथड एक्झिस्ट्स’ या फंक्शनने नाव आधीच घेतलेले आहे का ते पाहावे आणि असेल तर तिथेच एक्सेप्शन फेकावे.

तिसरा सापळा उलट्या बाजूचा. क्लासमधली प्रायव्हेट मेथड बाहेरून बोलावली तर एरवी पीएचपी स्पष्ट सांगते की ती खासगी आहे. `__कॉल` लिहिली की तो एरर येत नाही, ते बोलावणेही `__कॉल`कडे वळते. तिथे कडक नोंदवही असेल तर निदान एक्सेप्शन तरी मिळते.

लाराव्हेलचे मॅक्रो

टेलर ऑटवेल यांनी २०११ मध्ये आणलेल्या लाराव्हेल या चौकटीत (फ्रेमवर्कमध्ये) हीच कल्पना ‘मॅक्रोएबल’ या ट्रेटमध्ये बसवलेली आहे. जाणत्या हातांनी ती कशी उतरवली, हे पाहण्यासाठी ती छोटीशी फाइल प्रत्येकाने एकदा उघडून वाचावी. स्टॅटिक अ‍ॅरेची नोंदवही, ऑब्जेक्टसाठी `__कॉल`, क्लासवरच्या थेट बोलावण्यासाठी पीएचपी ५.३ मधली `__कॉलस्टॅटिक`, नाव न सापडल्यास बॅडमेथडकॉलएक्सेप्शन आणि बांधणी ऐन वेळी. वर सांगितलेले मुख्य मुद्दे तिथे दिसतात.

मराठी संकेतस्थळांना उपयोगी पडेल असे एक उदाहरण घेऊ. मजकूर हाताळणाऱ्या ‘स्ट्र’ या क्लासला ‘मराठीअंक’ नावाचा मॅक्रो जोडायचा आहे. रोमन अंक दिले की देवनागरी अंक मिळावेत, एवढेच त्याचे काम. सर्व्हिस प्रोव्हायडरच्या ‘बूट’ मेथडीत `स्ट्र::मॅक्रो` असे लिहून नाव आणि क्लोजर द्यायचे. क्लोजरच्या आत ‘एसटीआरटीआर’ हे फंक्शन पुरते, पण ते योग्य रीतीने वापरायला हवे. त्याला तीन आर्ग्युमेंट दिली तर ते एकेक बाइट बदलते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अंकाला तीन बाइट लागतात, त्यामुळे हाती निव्वळ कचरा येतो. शून्य ते नऊ या दहा जोड्यांचा अ‍ॅरे देऊन दोनच आर्ग्युमेंट दिली की काम चोख होते. लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसकट रक्कम हवी असेल आणि सर्व्हरवर ‘इंटल’ एक्स्टेन्शन असेल, तर मॅक्रोच्या आत ‘नंबरफॉर्मॅटर’ला भारतीय मराठीचा लोकेल द्यावा. अंक आणि स्वल्पविराम दोन्ही तोच पाहतो.

याच चौकटीतला क्वेरी बिल्डर दुसरा धडा देतो. त्याला स्वतःची `__कॉल` हवी आहे, कारण ‘व्हेअर’ने सुरू होणाऱ्या नावांपासून तो अटी बनवतो, आणि मॅक्रोएबलची `__कॉल`ही हवी आहे. क्लासमध्ये एखादी मेथड लिहिली की ट्रेटमधली त्याच नावाची मेथड गुपचूप बाजूला पडते. म्हणून तिथे ट्रेटच्या `__कॉल`ला ‘मॅक्रोकॉल’ असे दुसरे नाव दिले आहे. बिल्डरची `__कॉल` आधी मॅक्रो शोधते, मग ‘व्हेअर’ पाहते आणि दोन्ही नसेल तर एक्सेप्शन फेकते. स्वतःची `__कॉल` असलेल्या क्लासमध्ये असा ट्रेट आणणाऱ्याने हीच रीत धरावी.

स्टॅटिक नोंदवहीला एक सावधगिरी लागते. पीएचपीत नेहमी प्रत्येक रिक्वेस्ट संपली की सगळी स्मृती पुसली जाते. ऑक्टेन, स्वूल किंवा रोडरनर यांवर चालणाऱ्या प्रणालीत मात्र एकच प्रक्रिया अनेक रिक्वेस्टना उत्तर देते. एका सोसायटीच्या रिक्वेस्टमध्ये नोंदवलेले ‘व्याज’ पुढच्या सोसायटीच्या रिक्वेस्टमध्ये तसेच शिल्लक राहू शकते. ग्राहकागणिक बदलणारी मेथड म्हणूनच ऑब्जेक्टच्या नोंदवहीत ठेवावी. सर्वांना समान असलेलीच तेवढी स्टॅटिक नोंदवहीत जावी, आणि तीही प्रणाली सुरू होताना.

जे या मार्गाने होत नाही

इंटरफेसमध्ये ‘व्याज’ ही मेथड सांगितली असेल तर क्लासमध्ये ती प्रत्यक्ष लिहावीच लागते, `__कॉल` तिची जागा घेऊ शकत नाही. `__कॉल`मधून आर्ग्युमेंट रेफरन्सने पाठवता येत नाहीत. क्लोजर पोटात असलेला ऑब्जेक्ट सीरियलाइज होत नाही, त्यामुळे अशी पावती सेशनमध्ये किंवा कामांच्या रांगेत टाकायला गेले की एक्सेप्शन येते. ‘मेथड एक्झिस्ट्स’ जोडलेल्या मेथडीला ‘नाही’ म्हणते. उलट ‘इज कॉलेबल’ हे फंक्शन `__कॉल` असलेल्या ऑब्जेक्टवरच्या कोणत्याही नावाला ‘हो’ म्हणते, मग ते नोंदवहीत असो वा नसो. नाव खरेच आहे का हे विचारण्यासाठी क्लासमध्येच ‘आहेका’ अशी एक छोटी मेथड द्यावी.

संपादकालाही या मेथडी दिसत नाहीत. पीएचपीस्टॉर्ममध्ये नाव सुचवले जात नाही, पीएचपीस्टॅनसारखे तपासनीस तक्रार करतात. क्लासच्या वर कॉमेंटमध्ये ‘@मेथड’ टॅग लिहून परताव्याचा प्रकार, नाव आणि आर्ग्युमेंट सांगितली की दोघांनाही ती कळते. हा टॅगही रोमन लिपीतच लिहावा लागतो. नंतर येणाऱ्या सहकाऱ्याला ही मेथड कुठून उगवली याचा एकमेव माग बऱ्याचदा त्या ओळीत असतो, म्हणून मेथड जोडताना ती ओळ लागलीच लिहावी.

मेथडींची नावे आधीच माहीत असतील, तर हा सगळा खटाटोप करू नये. अनेक क्लासना तीच मेथड द्यायची असेल तर ट्रेट पुरेसा आहे. एकाच ऑब्जेक्टला जास्तीचे वागणे द्यायचे असेल तर त्याला पोटात घेणारा दुसरा क्लास लिहावा. धावत्या क्लासमध्ये खरीखुरी मेथड घालणारे ‘रनकिट७’ हे एक्स्टेन्शन आहे, पण ते सर्व्हरवर वेगळे बसवावे लागते. ते प्रयोगापुरते ठेवावे, ग्राहकांच्या सर्व्हरवर नेऊ नये. ‘इव्हॅल’ने क्लासच लिहून काढण्याची युक्ती पीएचपीयुनिट आपल्या नकली ऑब्जेक्टसाठी वापरते. चाचणीच्या साधनात ती शोभते, बाहेरून आलेल्या मजकुराच्या आसपास मात्र तिला फिरकू देऊ नये. त्याच कारणाने, वापरकर्त्याने पत्त्यात किंवा फॉर्ममध्ये दिलेले नाव थेट मेथडीचे नाव म्हणून चालवू नये. तसे केले तर त्या ऑब्जेक्टची कोणतीही खुली मेथड बाहेरच्या माणसाच्या हाती जाते. आधी ठरलेल्या नावांच्या यादीत ते आहे का हे पाहावे, मगच पुढे जावे.

कोड सर्व्हरवर चढवण्याआधी सहा चाचण्या लिहून ठेवाव्यात. जोडलेली मेथड आर्ग्युमेंट घेऊन योग्य उत्तर देते का? चुकीच्या नावावर एक्सेप्शन येते का? क्लोन केलेल्या पावतीचे व्याज तिच्या स्वतःच्या थकबाकीवर निघते का? उपक्लासच्या ऑब्जेक्टवर प्रायव्हेट प्रॉपर्टी वाचली जाते का? एका ऑब्जेक्टला जोडलेली मेथड दुसऱ्यावर दिसत तर नाही ना? आणि खऱ्या मेथडीचे नाव जोडायला गेले की ‘जोडा’ नकार देते का? या सहाही चाचण्या पीएचपीची किंवा पॅकेजची आवृत्ती बदलताना पुन्हा चालवाव्यात, कारण बाहेरून जोडलेल्या मेथडी शांतपणे निकामी होतात त्या बहुधा अशा बदलांच्या वेळी.